दोन्ही पायांना पट्टी

फुटबॉलमधली माझी कारकीर्द कुणी विचारली की मी ती पटकन सांगून मोकळा होतो. भोपाळातला एक मोहल्ल्याचा क्लब, मग परराज्यातले दोन व्यावसायिक क्लब, मग एका सरकारी खात्याचा संघ आणि आता पोट सुटलेल्या माणसांबरोबर रविवारचं धावणं. ऐकणारा हमखास व्यावसायिक क्लबांपाशी थांबतो. "म्हणजे प्रोफेशनल होतात की तुम्ही!" म्हणतो. मी मान डोलावतो. त्या दोन क्लबांत मिळून मी जितका वेळ मैदानात होतो, त्याच्या कितीतरी पट वेळ बाकावर बसून होतो, हे मी सांगत नाही. पण त्याची मला लाज नाही. बाकावर बसणं हेही खेळाडूचंच काम आहे आणि ते मी इमानेइतबारे केलं. मला लाज वाटते ती दुसऱ्याच एका बाकाची. तो भोपाळातच होता आणि त्यावर मी माझ्या मर्जीने बसलो होतो.

आम्ही मूळचे नागपूरकडचे. वडील इथल्या मोठ्या कारखान्यात तंत्रज्ञ म्हणून आले आणि कारखान्याच्या वसाहतीत आमचं घर झालं. वसाहतीतली मराठी मुलं क्रिकेट खेळायची, मीही खेळायचो आणि वाईट खेळायचो. फुटबॉलकडे मी वळलो ते शाळेच्या गणवेशामुळे. आई दर जूनमध्ये मला जुन्या शहरातल्या एका शिंप्याकडे घेऊन जायची, कारण तो पँटला खाली चार बोटं कापड दुमडून ठेवायचा आणि पँट दोन वर्षं चालायची. एका वर्षी त्याने माझ्या पायाचं माप घेतलं, टेप खांद्यावर टाकली, पोटरी दाबून पाहिली आणि आईला म्हणाला, "बहनजी, ये टाँग क्रिकेट में ज़ाया हो रही है." तेच आमचे उस्ताद. दिवसभर शिलाई मशीन आणि संध्याकाळी फुटबॉल, एवढंच त्यांचं आयुष्य होतं. क्लबच्या जर्सी ते स्वतः शिवायचे आणि उरलेल्या चिंध्यांतून आकडे कापून पाठीवर लावायचे.

आमचं मैदान म्हणजे मुरमाची जमीन होती. मध्येच खड्डा, मध्येच दगड. चेंडू कुठे उसळेल ते चेंडूलाही माहीत नसे. म्हणून उस्तादांनी खेळाची एक पद्धत बसवली होती, ती मी पुढे कुठल्याच क्लबात पाहिली नाही. चेंडू घेऊन धावणाऱ्याने मान वर करायचीच नाही. नजर चेंडूवर ठेवायची आणि पास द्यायचा तो आवाजावर. "मुंडी नीचे, कान ऊपर," असं ते ओरडायचे. कोणी मान वर केली की मोजपट्टीचा फटका बसायचा. स्ट्रायकरचं काम होतं जागा शोधायची आणि हाक द्यायची. हाक आली की डोळे मिटून त्या दिशेला पास.

यात एक अडचण होती. हाक समोरच्या संघालाही ऐकू जायची. त्यावर उस्तादांनीच तोड काढली. "तेरी मराठी किस दिन काम आएगी, खाँ?" ते मला म्हणाले; भोपाळात 'खाँ' कुणालाही म्हणतात. आणि आमच्या क्लबातली सगळी मुलं 'पुढे', 'मागे', 'आत', 'दे', 'सोड' असे शब्द शिकली. जुन्या भोपाळच्या एका मैदानावर संध्याकाळभर मराठीत आरडाओरडा चालायचा आणि समोरचे बचावपटू एकमेकांची तोंडं पाहायचे.

या पद्धतीत सगळ्यात तरबेज होता तो माझा राइट आउट, म्हणजे उजव्या कडेने धावणारा. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा, काटकुळा, बोलायला कमी. तो उजव्या रेषेला चिकटून मान खाली घालून सुटायचा, मी मध्यातून पळत ओरडायचो, "पुढे!" आणि चेंडू माझ्या पुढच्या पावलावर येऊन पडायचा. त्याने मला कधी पाहिलं नाही. गरजच नव्हती. माझे निम्म्याहून अधिक गोल खरं तर त्याचे आहेत, मी फक्त शेवटचा पाय लावला. तो आमच्या घरी जेवायला यायचा तेव्हा त्याच्याजवळ तेवढेच दहा-बारा मराठी शब्द असायचे आणि सगळे हुकूम. आईला म्हणायचा, "आई, दे!" बाबा स्कूटर लावत असले की हात हलवत, "मागे! मागे! सोड!" माझे वडील म्हणजे कुणी 'मी करून राहिलो' म्हटलं तरी दुरुस्त करणारे, पण त्याच्या या मराठीवर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की पुढे जे झालं ते आमच्या दोघांतच होऊ शकलं असतं.

त्या वर्षी शहरातल्या स्पर्धेत आम्ही अंतिम फेरीला पोचलो. त्याच सुमारास मला परराज्यातल्या एका व्यावसायिक क्लबाचं बोलावणं आलं. सामन्यानंतर आठवड्याभरात तिकडे हजर व्हायचं होतं. तिथल्या प्रशिक्षकाचा फोनही आला. इकडचं तिकडचं काही नाही, एकच वाक्य: "फिट होकर आना." ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

आणि त्याच सामन्याला एका सरकारी खात्याची माणसं येणार होती. त्यांना त्यांच्या संघासाठी खेळाडू हवे होते, खेळाच्या कोट्यातून पक्की नोकरी होती आणि माझ्या राइट आउटबद्दल कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. पुढच्या वर्षी तो वयात बसणार नव्हता. म्हणजे हा एकच सामना. अंतिम सामन्याच्या दोन दिवस आधी आम्ही पोहे-जिलबीच्या गाडीवर उभे होतो. तो पोहे नुसते चिवडत होता. म्हणाला, "मैं दौड़ तो लूँगा यार. पर सामने कोई होना चाहिए."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू फक्त दे," मी मराठीत म्हणालो. "मी आहे ना."

त्याने जिलबीचा मोठा तुकडा माझ्या द्रोणात टाकला.

दुसऱ्या दिवशी सरावात समोरच्या संघाच्या बचावपटूची गोष्ट निघाली. त्याने उपांत्य फेरीत एका पोराचा घोटा असा काही तुडवला होता की त्याला उचलून न्यावं लागलं. सगळे हसत होते. मीही हसलो. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मुरमाचं मैदान, तो बचावपटू आणि 'फिट होकर आना'. मी खेळणार नाही असं सरळ सांगता आलं असतं. उस्ताद चार शिव्या देऊन गप्प बसले असते, राइट आउटने सकाळी दुसऱ्या कुणाबरोबर तासभर सराव तरी केला असता. पण नाही म्हणायला जी छाती लागते ती माझ्याजवळ नव्हती. मला खेळायचंही नव्हतं आणि वाईटही व्हायचं नव्हतं. असा माणूस काय करतो? लंगडतो.

सकाळी मी आईला सांगितलं की काल उजवा घोटा मुरगळला. तिने तेल कोमट करून चोळलं, हळद लावली. ती इतकी मन लावून चोळत होती की मला खरंच दुखतंय असं वाटायला लागलं. बाबा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "दुखत असेल तर जाऊ नकोस. आणि जायचंच असेल तर खेळ." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बाबांनी आयुष्यात कधी खोटी वैद्यकीय रजा घेतली नव्हती आणि घेणाऱ्यांना ते लांबून ओळखायचे.

आपल्याकडे म्हणतात की सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. ही म्हण ज्याने केली त्याने लंगडायचं सोंग कधी आणून पाहिलेलं नसावं. ते फार अवघड असतं. प्रत्येक पावलाला आठवण ठेवावी लागते. मैदानावर पोचेपर्यंत माझा न दुखणारा पाय खरोखर अवघडून गेला.

उस्तादांनी माझा घोटा हातात घेतला. सामन्याआधी प्रत्येकाच्या पायाची पट्टी ते स्वतःच बांधायचे, तो त्यांचा रिवाज होता, त्यात दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ज्या माणसाने माझ्या पोटरीवर बोट ठेवून मला क्रिकेटमधून उचललं, त्याला सूज आहे की नाही हे कळायला किती वेळ लागणार होता? त्यांनी अंगठ्याने दोन-तीन जागी दाबलं. मी कण्हलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पट्टी बांधली, छान घट्ट, शेवटी सेफ्टी पिन लावली आणि म्हणाले, "बैठ जा बेटा." बेटा ते मला एरवी म्हणत नसत. एरवी मी खाँ होतो.

राइट आउट बूट बांधत होता. त्याने पट्टी पाहिली. नुसता माझ्या पायाला हात लावून गेला, जसं दुखणाऱ्या माणसाच्या अंगाला हलकेच लावतात तसा. त्या क्षणी मी उठलो असतो तरी चाललं असतं. पट्टी होतीच, बूट पिशवीत होते. मी बसून राहिलो.

पहिल्या अर्ध्यात तो पलीकडच्या रेषेवर धावत होता. धावत होता आणि पास देत होता, पण मध्यात माझ्या जागी उभ्या केलेल्या मुलाला हाकच देता येत नव्हती. तो मुलगा गप्प राहायचा, किंवा उशिरा ओरडायचा. चेंडू रिकाम्या जागेत जाऊन पडायचे. शामियान्याखालच्या टेबलाशी खात्याची तीन माणसं बसली होती, त्यांतला एक वहीत काही लिहायचा आणि पेन ठेवून द्यायचा. आमच्यावर एक गोल झाला.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि राइट आउट आमच्या बाकाच्या बाजूला आला. आता तो माझ्यापासून दहा-पंधरा पावलांवरून धावत होता. त्याचा श्वास मला ऐकू यायचा. आणि काय खेळला तो! समोर कुणी नाही हे त्याने बहुधा स्वीकारलं होतं, म्हणून स्वतःच आत घुसून मारू लागला. एक गोल त्यानेच केला, एकट्याने. शामियान्याखालचा वहीवाला उभा राहिला. मीही टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, चला, झालं की. माझ्यावाचून झालं. मनावरचं ओझं अर्धं उतरलं आणि मी बेसावध झालो.

शेवटची पाच-सात मिनिटं उरली असतील. बरोबरी होती. राइट आउटला आमच्या अर्ध्यातच चेंडू मिळाला आणि तो सुटला. पहिला माणूस मागे पडला, दुसरा पडला. मान खाली, रेषेला चिकटून. पुढे तो घोटे तुडवणारा बचावपटू होता, त्यालाही त्याने आतून काढला. आता समोर फक्त गोलरक्षक. सगळं मैदान उभं राहिलं. मीही उठलो. उठलो म्हणजे काय, धावायला लागलो. रेषेच्या बाहेरून, त्याच्या बरोबरीने, त्याच्या थोडा पुढे, वर्षानुवर्षं पळत आलो तसा. आणि माझ्या तोंडून निघालं, "पुढे!"

मी ते ठरवून ओरडलो नाही. पण ओरडलो, आणि पोटातून ओरडलो.

त्याने मान वर केली नाही. कधीच करत नसे. हाक आली तिकडे त्याने पास दिला, नेहमीसारखा, माझ्या पुढच्या पावलावर. चेंडू रेषा ओलांडून बाहेर आला आणि मी तो थांबवला. उजव्या पायाने. पट्टी बांधलेल्या पायाने, अगदी मऊ, जसा थांबवायला हवा तसा.

मग लोक हसायला लागले. लोकांना काय दिसलं होतं? गोलरक्षकापुढे एकटा असलेला खेळाडू गोल करायचा सोडून बाहेर बाकाकडे पास देतो. माझी हाक त्या गोंगाटात कुणी ऐकली नाही, ऐकली असेल तर शब्द समजला नाही. राइट आउटने मान वर केली तेव्हा मी चेंडू पायाखाली घेऊन उभा होतो. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पायाकडे पाहिलं.

मला लंगडायची आठवण झाली. मी वळलो आणि बाकाकडे लंगडत निघालो. चार-पाच पावलं गेल्यावर लक्षात आलं की मी डाव्या पायाने लंगडतोय.

बाकावरचं एक पोरगं म्हणालं, "अरे, ये तो दूसरी..." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उस्तादांनी मला दंडाला धरून खाली बसवलं. ते माझ्यापुढे गुडघे टेकून बसले, खिशातून दुसरी पट्टी काढली आणि माझा डावा पाय आपल्या मांडीवर घेतला. "दोनों में लगी है इसको," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मैंने ही कहा था कि एक ही बाँधेंगे." आणि त्यांनी माझ्या धडधाकट डाव्या घोट्याला पट्टी बांधली. तितकीच घट्ट, तितकीच नेटकी, सेफ्टी पिन लावून. बांधताना त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी त्यांच्या डोक्यावरच्या विरळ केसांकडे पाहत होतो. मैदानात सामना चालू होता. आम्ही तो हरलो, कसं ते मला आठवत नाही.

घरी गेलो तेव्हा बाबा दारातच होते. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "सकाळी एकच होता ना?" ते म्हणाले. मी म्हटलं, "हो." ते आत गेले. त्यांनी पुन्हा कधी माझ्या फुटबॉलविषयी काही विचारलं नाही, मी व्यावसायिक क्लबाचा फोटो पाठवला तेव्हाही नाही. आईने तो फोटो भिंतीवर लावला.

त्या क्लबात मी फिट होऊन गेलो. तिथे मैदान हिरवंगार होतं आणि प्रशिक्षक पहिल्या दिवशी म्हणाला की इथे मान वर करून खेळायचं. मला बिनहाकेचं खेळता येईना आणि माझ्या हाकेवर कुणी पास देईना. दीड वर्षाने त्यांनी मला सोडलं, दुसऱ्या क्लबाने घेतलं, त्यांनीही सोडलं. जो घोटा मी जपून ठेवला होता त्याचं पुढे काहीच झालं नाही. मग मी भोपाळला परत आलो आणि व्यावसायिक क्लबांच्या दाखल्यांवर मला खेळाच्या कोट्यातून नोकरी लागली. कुठल्या खात्यात, ते ओळखायला हुशारी नको. माझं वय अजून बसत होतं.

एम. पी. नगरमधल्या त्या कार्यालयात एकदा चहाच्या वेळी आमचे एक वरिष्ठ जुन्या गोष्टी सांगत होते. तेच ते वहीवाले. म्हणाले, "एक राइट आउट देखा था मैंने. क्या लड़का था! नाम मैंने लिख भी लिया था. फिर आख़िरी टाइम में उसने गोलकीपर को छोड़कर बेंच को पास दे दिया. मैंने काट दिया. प्रेशर में जिसका दिमाग़ चला जाए, वो किस काम का?" सगळे हसले.

मीही हसलो. हे मला लिहायला जड जातंय, पण हसलो. मी एवढंच म्हणू शकलो असतो की साहेब, तो माझ्या हाकेवर पास होता. एक वाक्य. एव्हाना कशाचा उपयोग नव्हता हे खरं, पण निदान त्या खोलीत तरी त्याचं नाव साफ झालं असतं. मी मूग गिळून बसलो, आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोवर भाजीत मीठ जास्त झालं म्हणून चिडलो. मीठ बरोबर होतं.

राइट आउट मंडीदीपच्या एका कारखान्यात पाळीवर जातो आणि मिसरोदला राहतो, हे मला माहीत होतं. मी बाग सेवनियाला. एकाच रस्त्यावरची गावं. कारखान्याच्या बसथांब्यावर तो मला कधी दिसायचा आणि मी स्कूटर दुसऱ्या बाजूला घ्यायचो. मोहल्ल्यात त्याला बरीच वर्षं चिडवत होते, हेही कानावर आलं होतं. लग्नाच्या वरातीतसुद्धा कुणीतरी ओरडलं होतं म्हणे, "अबे, बेंच को पास दे!" त्याने कधी कुणाला सांगितलं नाही की हाक आली होती.

गेल्या थंडीत उस्तादांचा निरोप आला. दुकान त्यांनी बंद केलंय, दिसतं कमी, पण रविवारी सकाळी मैदानावर खुर्ची टाकून बसतात आणि जुनी पोरं, म्हणजे चाळिशीतली, खेळतात. निरोप असा होता: "उसको बोलो आ जाए. एक आदमी कम पड़ रिया है." एवढी वर्षं मी याच शहरात होतो आणि त्यांना भेटलो नव्हतो. त्यांनी निरोपात ते काढलं नाही. मी गेलो.

उस्तादांनी माझे दोन्ही गुडघे चाचपले. "कौन सी दुख रही है आजकल?"

"दोनों, उस्ताद," मी म्हणालो. आणि आता ते खरं होतं.

"अब सच्ची में?" ते म्हणाले आणि हसायला लागले. मला मान वर करवेना.

राइट आउट भिंतीपाशी बसून बूट बांधत होता. केस पांढरे झालेत, अंग तसंच काटकुळं. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. घरून निघताना मी चार वाक्यं ठरवली होती, त्यांतलं एकही आठवेना. मी म्हणालो, "त्या दिवशी माझा पाय दुखत नव्हता."

"मालूम है," तो म्हणाला. बूट बांधत राहिला.

"मी हाक दिली होती. मी ओरडलो होतो."

"वो भी मालूम है, भाई. मैं ही तो सुन रिया था."

"तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

त्याने नाडीची गाठ घट्ट केली. "क्या सांगता?" तो म्हणाला. 'सांगता' हा शब्द त्याने आमच्या घरातून उचलला होता. "तू जा रिया था. जाने वाले आदमी को क्या बोलूँ?" मग माझ्या पाठीवर थाप मारली. "छोड़ यार. पंद्रह साल हो गए. चल, ठंड लग रही है, दौड़ते हैं."

मला मोकळं वाटलं. खोटं कशाला बोलू, इतकं मोकळं वाटलं की डोळे भरून आले. मला वाटलं, संपलं. माफ केलं त्याने. इतकं सोपं होतं आणि मी उगाच पंधरा वर्षं स्कूटर वळवत होतो.

खेळ सुरू झाला. आम्ही दोघं एकाच बाजूला. तो उजव्या रेषेला गेला, मी मध्यात. धाव कमी झाली होती, पण पद्धत तीच होती. मान खाली, नजर चेंडूवर. डावीकडून एका टक्कल पडलेल्याने हाक दिली, "दे!" आणि त्याने न पाहता पास दिला, बरोबर पायावर. मागून दुसरा कुणी ओरडला, "मागे!" त्यालाही न पाहता दिला. उस्ताद खुर्चीतून म्हणत होते, "कान ऊपर, कान ऊपर." मी हसत होतो. इतक्या वर्षांनी मुरमावर मराठी ऐकत होतो.

मग तो रेषेवरून सुटला. मी मध्यातून पळालो, दम लागला होता तरी पळालो, मोकळी जागा दिसली आणि ओरडलो, "पुढे!"

तो थांबला. चेंडू पायाखाली दाबून धरला, मान वर केली आणि मी कुठे आहे ते नीट पाहिलं. मैदानाच्या आत आहे ना, ते पाहिलं. मग पास दिला.